पाल्मायरातील दोन आठवडे

इ.स. १७५० च्या मे महिन्यात इटलीतील नेपल्स बंदरातून एक गलबत पूर्वेकडे निघाले. ते व्यापाराचे नव्हते आणि लढाईचेही नव्हते. लंडनहून मुद्दाम सज्ज करून आणलेल्या ह्या गलबतात ग्रीक इतिहासकारांचे व कवींचे ग्रंथ होते, उत्तमोत्तम प्रवासवर्णने होती, मोजणीची उपकरणे होती आणि तुर्की अंमलदारांना नजर करावयाच्या वस्तूही होत्या. पुस्तकांचे कपाट घेऊन समुद्रावर जाणारी ही मंडळी कोण, असा प्रश्न नेपल्सच्या खलाशांना पडला असल्यास नवल नाही. ज्यांचे ग्रंथ बरोबर घेतले होते त्यांनी वर्णिलेली स्थळे प्रत्यक्ष उभे राहून पाहावयाची, एवढाच त्या मंडळींचा हेतू होता.

ही मंडळी चार होती. रॉबर्ट वुड हा आयर्लंडचा. विद्वान, बहुश्रुत आणि पूर्वी त्या बाजूस एकदा फिरून आलेला. जेम्स डॉकिन्स हा जमेका बेटात जन्मलेला अतिशय श्रीमंत तरुण. जॉन बूव्हरी हा जुन्या चित्रांचा व रेखाटनांचा रसिक संग्राहक. हे तिघे रोममध्ये हिवाळा एकत्र काढीत असताना ह्या प्रवासाचा बेत ठरला. चौथा होता जिओव्हानी बात्तिस्ता बोर्रा, पिडमाँट प्रांतातील वास्तुशिल्पी. तो ह्या मंडळींचा मित्र म्हणून नव्हे, तर चित्रकार म्हणून पगारावर आलेला. पण आज ह्या सफरीचे जे काही मोल उरले आहे त्याचा मोठा भाग ह्या पगारी माणसाच्या पेन्सिलीतून उतरला आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे. आणखी एक गोष्टही ध्यानात ठेवावी. डॉकिन्सची संपत्ती म्हणजे जमेकातील उसाच्या मळ्यांचे उत्पन्न, आणि ते मळे गुलामांच्या श्रमांवर चालत. प्राचीन सौंदर्याच्या शोधास निघालेल्या त्या गलबताचा खर्च कोणाच्या घामातून निघाला, हे त्या काळी कोणी विचारीत नसे.

ग्रीक बेटे आणि आशिया मायनरचा किनारा पाहता पाहता उन्हाळा सरला. सप्टेंबरमध्ये मिअँडर नदीच्या खोऱ्यात बूव्हरी आजारी पडला आणि ऐन तारुण्यात तेथेच वारला. पुढे छापलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत वुडने ह्या मित्राविषयी जे शब्द लिहिले आहेत ते उपचाराचे वाटत नाहीत. डॉकिन्स बरोबर नसता तर आपण प्रवास तेथेच सोडून दिला असता, अशा अर्थाचा त्यांचा सूर आहे. अखेर उरलेल्या दोघांनी बोर्राला घेऊन पुढे जाण्याचे ठरविले.

१७५१ च्या आरंभी ते सीरियात आले. त्यांचे लक्ष्य होते पाल्मायरा. अरबांच्या तोंडी ह्या शहराचे नाव तदमूर. दमास्कसपासून ईशान्येस, युफ्रेटिस नदीच्या वाटेवर, वाळवंटाच्या मध्यावर ते वसलेले. दमास्कसच्या पाशाने त्यांना स्वच्छ सांगितले की, तेथे आपले नाव वा आपली सत्ता चालेल याची हमी आपण देऊ शकत नाही. मग वाट वाकडी करून ते हसिया नावाच्या गावच्या आगाकडे गेले. त्याने त्यांचे आदरातिथ्य केले, ह्या दूरदेशच्या माणसांना पडलेले पाहून तो चकितही झाला असावा, आणि बंदुका व लांब भाले घेतलेले आपले निवडक घोडेस्वार त्याने सोबतीस दिले. करियातेन हा शेवटचा मुक्काम. तेथून १३ मार्च रोजी निघालेल्या काफिल्यात सुमारे दोनशे माणसे आणि तितकीच जनावरे होती. पुढे पाणी नाही, सावली नाही, म्हणून रात्रभर चालणे झाले. १४ मार्चला दोन्ही बाजूंच्या डोंगरांमधून जाणारी अरुंद खिंड लागली. तिच्या कडेला उंच, चौकोनी, बुरुजासारख्या इमारती उभ्या होत्या. त्या त्या नगरातील श्रीमंत घराण्यांच्या समाध्या होत. त्या ओलांडल्या, डोंगर बाजूला झाले, आणि समोर अकस्मात अवशेषांचा असा पसारा उघडला की तसा त्यांनी आजवर कोठे पाहिला नव्हता. स्तंभांच्या रांगांमागून रांगा, मध्ये एकही सलग भिंत नाही, आणि त्यांच्या पलीकडे युफ्रेटिसच्या दिशेने क्षितिजापर्यंत सपाट, निर्जीव माळ. वुडने हा सारा दगड शुभ्र संगमरवर म्हणून वर्णिला. वास्तविक तो जवळच्याच खाणींतील चुनखडीचा दगड आहे. पण रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला दुपारच्या उन्हात तो संगमरवर भासला तर त्याला दोष देता येणार नाही.

ह्या पसाऱ्यात माणसे राहत होती ती फक्त एका ठिकाणी. सर्वांत मोठ्या मंदिराच्या भव्य अंगणात अरबांच्या तीसएक कुटुंबांनी मातीच्या झोपड्या बांधल्या होत्या. चोहोबाजूंनी सहाशे-सातशे फूट लांबीची भिंत असलेले ते आवार म्हणजे त्या गरिबांचा तयार कोटच होता. ही नगरी कोणी बांधली असे विचारले की ते सांगत, शलमोन राजाने, भुतांकडून काम करवून घेऊन. हा त्याचा महाल, हा त्याचा जनानखाना, असे ते बोटाने दाखवीतही. ही केवळ भाबडी कल्पना नव्हे. पवित्र शास्त्रातील इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात शलमोनाने रानातील तदमोर बांधल्याचा उल्लेख आहेच. मात्र राजांच्या पहिल्या पुस्तकात त्याच जागी तामार असे नाव येते, आणि ते ठिकाण दूर दक्षिणेकडील असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. तदमूर हे गाव मात्र शलमोनाहूनही जुने आहे. ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकातील मारी येथील मृत्तिकालेखांत त्याचे नाव सापडते.

वाळवंटात एवढे ऐश्वर्य आले कोठून, हा प्रश्न त्या मित्रांना पडला, आणि तो पडणे साहजिक होते. नगराजवळ गंधकयुक्त कोमट पाण्याचा झरा होता आणि त्याभोवती खजुरीची राई होती. एवढ्यावर गाव जगते, राजधानी नव्हे. पाल्मायरा जगली ती वाटेवर. एका बाजूस रोमन साम्राज्य, दुसऱ्या बाजूस पार्थियन, आणि दोघांच्यामध्ये जे रान होते त्यातून सुखरूप वाट काढण्याची विद्या ह्या लोकांपाशी होती. उंट त्यांचे, वाटाडे त्यांचे, रानातील टोळ्यांशी सलोखा त्यांचा. पाल्मायराचे काफिले युफ्रेटिसकाठी उतरत, तेथून इराणी आखाताच्या माथ्यावरील खारक्स बंदरास जात, आणि पुढे जहाजे होती.

ती जहाजे कोठे जात? ह्याचे उत्तर पाल्मायराच्या शिलालेखांतच आहे. इ.स. १५७ मधील एक लेख सांगतो की, होनाइनोस नावाच्या मालकाच्या जहाजातून सिथियाहून परतलेल्या व्यापाऱ्यांनी आपल्या साहाय्यकर्त्याचा, मार्कस उल्पियस यार्हाई याचा, पुतळा उभारून सन्मान केला. सिथिया म्हणजे त्या काळच्या ग्रीक नाविकांच्या बोलीत सिंधू नदीच्या मुखाकडील शकांचा मुलूख. नाशिकच्या लेण्यांत दाने कोरविणारा उषवदात ह्याच शकांपैकी. भडोच, सोपारा व गोवर्धन येथे त्याने वाटसरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळांची नोंद तेथे आहे. पाल्मायराचे व्यापारी आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे व्यापारी एकाच समुद्रावर वावरत होते, ह्याचा अगदी हाताशी लागणारा पुरावा एकविसाव्या शतकाच्या आरंभी सापडला. अरबी समुद्रातील सोकोत्रा बेटावर होक नावाची एक खोल गुहा आहे. तिच्या अंधारात भारतीय खलाशांनी ब्राह्मी लिपीत लिहिलेली शेकडोंच्या घरातील नावे मिळाली. त्यांत भरुकच्छाचा, म्हणजे भडोचचा उल्लेख आहे. आणि त्याच गुहेत एक लाकडी फळी मिळाली. तिच्यावर पाल्मायराच्या लिपीत, इ.स. २५८ च्या जुलै महिन्याची मिती घालून, अबगर नावाच्या एका माणसाने देवाला केलेले वंदन आहे. बडोद्याहून भडोच काही फार दूर नाही. त्या नर्मदातीरावरून निघालेला एखादा तांडेल आणि खजुरीच्या राईतून निघालेला हा अबगर, दोघेही त्याच गुहेत मशाल घेऊन उतरले, जरी एकमेकांस भेटले नसले तरी.

नगराचा जमाखर्च कसा चाले हेही दगडावर कोरलेले आहे. इ.स. १३७ मध्ये नगरसभेने जकातीचे दर ठरवून ते ग्रीक व पाल्मायरी अशा दोन्ही भाषांत एका प्रचंड शिळेवर कोरविले. जकात वसूल करणारे मक्तेदार आणि व्यापारी यांच्यात वारंवार तंटे होत, म्हणून जे पूर्वी रूढीने चाले ते लेखी करावे, असे कारण त्यात दिले आहे. सुगंधी तेल अलाबास्टरच्या कुप्यांतून आले तर उंटाच्या ओझ्यामागे पंचवीस दिनार, तेच बकऱ्याच्या कातड्याच्या पखालींतून आले तर त्याहून कमी, कारण कुपीतला माल उंची आणि पखालीतला साधा. झऱ्यांच्या पाण्याच्या वापराबद्दल वर्षास आठशे दिनार. आणि यादीच्या अगदी प्रारंभी आहे माणूस : बाहेरून आणलेल्या प्रत्येक गुलामामागे बावीस दिनार. डॉकिन्सने ही शिळा पाहिली नाही. ती १८८१-८२ मध्ये एका रशियन प्रवाशाच्या दृष्टीस पडली आणि आज सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे. पाहिली असती तर त्या पहिल्या कलमावर त्याची नजर किती वेळ थांबली असती, कोणास ठाऊक.

झेनोबिया राणीची कथा पुष्कळांना ठाऊक असते, म्हणून ती येथे थोडक्यातच सांगणे बरे. इ.स. २६० मध्ये इराणच्या शापूर बादशहाने रोमन सम्राट व्हॅलेरियन यास जिवंत पकडले. पूर्वेतील रोमची सत्ता सावरली ती पाल्मायराच्या ओदिनाथाने. पुढे त्याचा खून झाला, आणि अल्पवयीन मुलाच्या नावाने त्याची विधवा झेनोबिया राज्य करू लागली. दोन-तीन वर्षांत तिच्या फौजांनी मिसर घेतला, आशिया मायनरमध्ये अंकारापर्यंत मजल मारली. २७२ मध्ये सम्राट ऑरेलियन चालून आला. अँटिओकजवळ आणि एमेसाजवळ तिचा पराभव झाला, नगराला वेढा पडला, आणि मदतीसाठी इराणकडे निघालेली राणी युफ्रेटिसच्या काठी पकडली गेली. ऑरेलियनने नगर प्रथम लुटले नाही. पण तो परतताच नगराने पुन्हा उठाव केला, तेव्हा २७३ मध्ये तो माघारी आला आणि त्याने काही शिल्लक ठेवले नाही. राणीच्या अखेरीविषयी जुन्या लेखकांत एकवाक्यता नाही. तिला सोन्याच्या साखळदंडांत रोमच्या रस्त्यांतून मिरविले, असे एक सांगतो. ती वाटेतच मेली, असे दुसरा सांगतो. तिला सल्ला देणाऱ्या लाँगिनस नामक ग्रीक पंडिताला मात्र देहान्त शिक्षा झाली, याबद्दल वाद नाही. राजे वाचतात आणि कारकून मरतात, असा प्रकार इतिहासात अनेकदा दिसतो.

त्यानंतर नगर मेले असे म्हणण्याची प्रथा आहे, पण ती चुकीची आहे. रोमन पलटणीची छावणी तेथे बसली. ३२५ च्या निकेआ येथील धर्मसभेस जे बिशप जमले त्यांच्या यादीत पाल्मायराच्या मारिनुसचे नाव आहे. बेल देवाचे जे महामंदिर इ.स. ३२ च्या एप्रिल महिन्यात अर्पण झाले होते, त्याचे गाभाऱ्यातच ख्रिस्तमंदिर झाले आणि भिंतींवर संतांची चित्रे रंगविली गेली. सातव्या शतकात नगर मुसलमानी अमलाखाली आले. पुढे त्याच गाभाऱ्यात मशीद झाली, आणि आवाराच्या भिंतीस बुरूज चढवून त्याचा किल्ला करण्यात आला. तीन धर्मांच्या लोकांनी एकाच छपराखाली आपापल्या परीने प्रार्थना केली, आणि प्रत्येकाने वापरले म्हणूनच ते छप्पर उभे राहिले. ज्या इमारतीत माणसे राहतात तिचे दगड कोणी सहसा पळवीत नाही.

तर अशा ठिकाणी ते मित्र २७ मार्चपर्यंत राहिले. ते काही येथे येणारे पहिले युरोपीय नव्हेत. आलेप्पो येथील इंग्रज व्यापाऱ्यांनी १६७८ मध्ये प्रयत्न केला तेव्हा तेथल्या अमीराने त्यांना लुबाडून परत पाठविले होते. १६९१ मध्ये मात्र ते पोचले, आणि त्यांच्याबरोबरच्या हॅलिफॅक्स नावाच्या पाद्र्याचे वर्णन छापूनही निघाले. परंतु त्या साऱ्यांनी पाहिले, आणि ह्या मंडळींनी मोजले. फरक एवढाच, आणि तो लहान नव्हे. खांबाचा व्यास किती, दोन खांबांमधील अंतर किती, कमानीवरची वेलबुट्टी कोणत्या धाटणीची, छताच्या एका दगडात कोरलेली कमळे किती, हे सारे बोर्रा दिवसभर उतरवून घेई. वुड लेखांच्या नकला करी. सोबतचे अरब स्वार फावल्या वेळी लुटुपुटीच्या लढाया खेळून स्वतःची आणि पाहुण्यांची करमणूक करीत. शक्य झाले तेथे कोरीव दगडही त्यांनी बरोबर नेले, हे वुड स्वतःच काही न संकोचता लिहितो, आणि रहिवाशांचा लोभ किंवा समजुती आड आल्या नसत्या तर आणखी नेले असते असेही सुचवितो. ज्यांच्या अंगणातून दगड न्यावयाचे त्यांनी हरकत घेतली तर तिला लोभ म्हणावयाचे, ही त्या काळच्या प्रवाशांची रीतच होती.

१७५३ मध्ये लंडन येथे सत्तावन्न ताम्रपटचित्रांसह ‘पाल्मायराचे अवशेष’ हा ग्रंथ इंग्रजीत व फ्रेंचमध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाला. त्याचा एक परिणाम विद्वत्तेच्या क्षेत्रात झाला. नीट उतरवून घेतलेल्या द्विभाषी लेखांच्या आधारे पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये आबे बार्तेलेमी याने आणि ऑक्सफर्डमध्ये जॉन स्विंटन याने पाल्मायरी लिपी वाचून दाखविली. मृत झालेली प्राचीन लिपी उलगडण्याचा आधुनिक काळातील हा पहिला यशस्वी प्रयत्न. शांपोलियनचा मिसरमधील पराक्रम ह्यानंतर अडुसष्ट वर्षांनी झाला, आणि कीर्ती मात्र बहुतेक त्याच्याच वाट्यास आली. दुसरा परिणाम फॅशनच्या क्षेत्रात झाला, त्याचा उल्लेख पुढे येईल. गॅव्हिन हॅमिल्टन ह्या चित्रकाराने त्या दोन मित्रांचे एक भव्य चित्र रंगविले. त्यात ते रोमन पद्धतीचे शुभ्र उत्तरीय पांघरून अवशेषांकडे बोट दाखवीत आहेत. धुळीने माखलेला, हातात मोजण्याची दोरी धरलेला बोर्रा चित्राचा नायक नाही.

डॉकिन्स १७५७ मध्ये जमेकात वारला. त्याच वर्षी बालबेकच्या अवशेषांवरील त्यांचा दुसरा ग्रंथ निघाला. वुड इंग्लंडच्या सरकारात अधिकारपदावर चढला आणि १७७१ मध्ये निवर्तला.

मंदिराच्या अंगणातील झोपड्यांचे पुढे चांगले मोठे गाव झाले. १९२९ ते १९३२ ह्या काळात सीरियावर फ्रेंचांचा अंमल असताना पुराणवस्तुखात्याने ते गाव उठवून शेजारी नवे वसविले आणि मंदिर मोकळे केले. लोक गेले आणि अवशेष उरले. संशोधनाच्या दृष्टीने हे आवश्यक होते, हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, त्या दिवशी त्या मंदिराचे शेवटचे रखवालदार निघून गेले.

मे २०१५ मध्ये स्वतःस ‘इस्लामिक स्टेट’ म्हणविणाऱ्या सशस्त्र संघटनेने पाल्मायरा काबीज केली. खालिद अल्-असाद हे १९६३ पासून २००३ पर्यंत तेथील पुराणवस्तूंचे प्रमुख होते. पाल्मायरी लिपी वाचणाऱ्या मोजक्या जाणकारांत त्यांची गणना होई. निवृत्तीनंतरही त्यांनी गाव सोडला नव्हता. संग्रहालयातील पुष्कळ वस्तू आधीच दमास्कसला हलविण्यात आल्या होत्या. त्या कोठे आहेत हे ह्या ऐंशी ओलांडलेल्या वृद्धाकडून वदवून घेण्याचा प्रयत्न झाल्याचे त्या वेळच्या वृत्तपत्रांत आले. १८ ऑगस्ट रोजी भर चौकात त्यांची हत्या करण्यात आली. पाचच दिवसांनी बाआलशमीन देवाचे लहानसे मंदिर सुरुंग लावून उडविण्यात आले. ३० ऑगस्टला बेलचे महामंदिर गेले. खिंडीकडच्या समाधिबुरुजांपैकी सर्वांत सुस्थितीत असलेले, त्यांत इ.स. १०३ मधील एलाहबेलच्या घराण्याचा चारमजली बुरूज, हेही गेले. ऑक्टोबरात मुख्य रस्त्याच्या तोंडाशी असलेली विजयकमान पाडली. पुढे नगर एकदा सुटले, पुन्हा गेले, आणि मार्च २०१७ मध्ये अखेरचे सुटले, तोवर चौरस्त्यावरील सोळा खांबांची चौकीही कोसळली होती. तिचे मात्र एक गुपित सांगावयास हवे. त्या सोळांपैकी पंधरा खांब १९६३ च्या जीर्णोद्धारात काँक्रीटचे घातलेले होते, आणि अस्वानच्या गुलाबी ग्रॅनाइटचा मूळ खांब एकच होता.

आता पुन्हा बांधावे की नाही, ह्यावर तज्ज्ञांत वाद आहे. दगड पुष्कळसे जागेवरच पडलेले आहेत, ते उचलून रचता येतील असे एक पक्ष म्हणतो. जे भुगा झाले त्यांच्या जागी नवे कोरले तर ती पाल्मायरा राहणार नाही, असे दुसरा म्हणतो. तडजोड करावयाची झाली तरी दोन्ही पक्षांना मापे हवीतच. मग विसाव्या शतकातील जर्मन, फ्रेंच व स्विस संशोधकांचे नकाशे उघडले जातात, आणि त्यांच्याही तळाशी दोन आठवड्यांत काढलेली बोर्राची रेखाटने असतात.

बेलच्या मंदिराचा गाभारा गेला, त्याचे उंच महाद्वार तेवढे कसे कोणास ठाऊक उभे राहिले. गाभाऱ्याच्या दक्षिण देवघराचे छत एका अखंड शिळेचे होते, मध्यभागी पाकळ्यांचे मोठे फूल आणि भोवती चौकटींची नक्षी. बोर्राने ते उताणे पडून पाहिले असेल, त्याशिवाय इतके अचूक उतरणार नाही. ग्रंथातील त्या चित्रावरून रॉबर्ट ॲडम ह्या वास्तुशिल्पज्ञाने लंडनच्या पश्चिमेस ऑस्टर्ली येथे चाइल्ड नावाच्या पेढीवाल्या घराण्याच्या दिवाणखान्याचे छत चुनेगच्चीत घडविले. मूळ शिळा ३० ऑगस्ट २०१५ च्या स्फोटात गेली. ऑस्टर्लीच्या दिवाणखान्यातील ते फूल अद्याप आहे.